मशालवाल्याचा परधान

कारंज्यात आजही विषय निघाला की लोक म्हणतात, पुनाजी परधान पेपरातल्या चित्रापायी खुळा झाला आणि त्यातच गेला. म्हणोत बापडे, जिभेला काही हाड नसतं. पुनाजीला माझ्या ओसरीवर बसलेला मी रोज पाहिलाय. खुळं कोण होतं असं मला कोणी विचारलंच, तर मी दुसरी नावं घेईन.

आमचं हॉटेल नागपूर-अमरावती सडकेला लागून होतं. हॉटेल म्हणजे काय, एक भट्टी, दोन बाकडी, चहा, भजी आणि चिवडा. ट्रकवाले थांबत आणि बाजाराच्या दिवशी जंगलाकडच्या पाड्यांतली माणसं टेकत. गल्ल्यावर आमचे हे बसत. गाव त्यांना बंडूजी म्हणे. भट्टीपाशी मी. मी वर्ध्याची, सातवी पास, म्हणून इथल्या बायका मला 'शाळेची शकुंतलाबाई' म्हणून हिणवत. हिणवा म्हटलं. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती, आणि आख्ख्या सडकेवर पेपर घडघडा वाचणारी बाई मी एकटीच असेन.

पुनाजी परधान होता. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे. गोंडांच्या प्रत्येक कुळाचा आपला परधान ठरलेला असतो. घरात लग्न असो की मरण, तो किंगरी घेऊन येतो. किंगरी म्हणजे गज फिरवून वाजवायचं लहानसं वाद्य. ती वाजवत तो त्या कुळाचे देव गातो, वाडवडील गातो, कोण कोणाचा, कोण कुठल्या डोंगरावरून आला, सगळं. लिहिलेलं कुठंच काही नाही, जे काय आहे ते परधानाच्या डोक्यात. माणूस मेला की परधानानं त्याच्या नावानं गाऊन त्याला त्याच्या पूर्वजांत मिळवायचं, आणि मग त्या मेलेल्याचे कपडे परधानाला द्यायचे. तोवर तो जीव धड इकडचा नाही न् धड तिकडचा नाही, अशी त्यांची समजूत.

मी लग्न होऊन आले तोवर पुनाजीची किंगरी खुंटीला लागली होती. तरणी माणसं सडकेच्या कामावर आणि लाकडाच्या डेपोवर जायला लागली. लग्नात बँड आला, भोंगा आला. ज्या घरी बापाच्या काळी परधानाला मानानं बोलावत, त्या घरून साधा निरोप येईना. पुनाजीचा मुलगा सोनबा नागपूरला मालधक्क्यावर हमाली करायला गेला, तो जाताना म्हणाला, ते लाकूड चुलीत घाला एकदाचं. पुनाजी दिवसभर आमच्या ओसरीवर बसे. कधी लाकडं फोडून दे, कधी पाणी भर. मी एकदा विचारलं, पुनाजीबाबा, काही कमी आहे का तुम्हाला. तर म्हणाला, "खायाले मिळते बाई, बसाले जागा हाय. गानं आयकाले मानूसच नाई."

आता त्या साप्ताहिकाचं. नागपूरहून दर शुक्रवारच्या मोटारीनं यायचं. त्याचं नाव मी घेणार नाही. चांगलं बोलवत नाही, आणि वाईट बोलून त्यांचं काय वाकडं होणार? शेवटच्या पानावर चित्रांची गोष्ट असायची, मशालवीराची. दिवसा तो साधा मोळीविक्या. कोणावर संकट आलं की मशाल पेटवायचा, आणि मशाल हातात आली की त्याच्या अंगात असं बळ यायचं की या डोंगरावरून त्या डोंगरावर उडी. आग त्याला जाळायची नाही. जंगलात आग लागली की आगीतून चालत जाऊन माणसं काढून आणायचा. लोक त्याला वीर म्हणायचे ते पेपरात. आमच्याकडे तो मशालवालाच झाला.

एके दिवशी मी एक जुना अंक चिवड्याखाली अंथरणार, तेवढ्यात पुनाजीनं हात मध्ये घातला.

"थांबा बाई. हा कोन हाय?"

मी वाचून सांगितलं. पण त्याचं माझ्या वाचण्याकडे लक्षच नव्हतं. तो एका चित्रावर बोट ठेवून बसला होता. त्या चित्रात एक अक्षर नव्हतं. लढाई संपलेली, मशाल दगडाला टेकवलेली, आणि मशालवाला पाय मांडीवर घेऊन तळव्यातला काटा काढत बसलेला.

"एवढा देवासारखा मानूस," पुनाजी म्हणाला, "अन् पाहा, काटा काढून राह्यला."

खरंच सांगते, तोवर मी ते चित्र नीट पाहिलंच नव्हतं. कोण काढायचा देव जाणे, खाली नाव नसे. पण हात असा की बास. मशालवाला काळा, काटकुळा, हात लांब. ओझी वाहून एक खांदा उतरलेला. अनवाणी पाय, पंजा रुंद, बोटं फाकलेली. नाक जरासं वाकडं. आमच्या बाजाराला डिंक न् मोहफुलं घेऊन येणाऱ्या माणसांतला कोणीही उचलावा आणि कागदावर ठेवावा. तो हसला नाही, ओरडला नाही, नुसता उभा राहिला तरी कळायचं की हा दमलाय, आणि दमला असून जाणार आहे.

त्या दिवसापासून शुक्रवार पुनाजीचा झाला. पेपर आला की मी एकदा वाचून दाखवायची. मग तो अंक मांडीवर घेऊन बसे, भाजी चिरून व्हायची तरी नजर हलायची नाही. मधूनच विचारे, "इथं काई लिहिलं नाई?" मी म्हणायची, नाही. "मंग इथं मी गातो," म्हणायचा.

आणि शनिवारी, बाजाराच्या दिवशी, त्यानं खुंटीवरची किंगरी काढली.

पहिल्या दिवशी चारपाच म्हाताऱ्या बसल्या. मग काय सांगू. हॉटेलासमोरच्या चिचेखाली जागा पुरेना. पुनाजी निम्मं गोंडीत गायचा, निम्मं आपल्या बोलीत. पेपरात मशालवाल्यानं नाला ओलांडला असं एका चित्रात संपायचं. पुनाजीच्या गाण्यात त्या नाल्याला नाव असे, पाणी कुठवर होतं ते असे, पलीकडे कोण वाट पाहत होतं तेही असे. जिजा नावाची एक बाई तर टोपलीतली चारोळी विकायची विसरून बसायची. गाणं झालं की अंक हातोहात फिरे. माणसं चित्रावरून बोट फिरवत, एकमेकांना खांदा दाखवत, पाय दाखवत. "हा आपल्या गिरडाकडला हाय," कोणी म्हणे. "काऊन? आर्वीकडला काऊन नाई?" दुसरा म्हणे, आणि त्यावरून जुंपायची. मी भट्टीवरून पाहत असायची. पुनाजीचा चेहरा त्या वर्षात दहा वर्षांनी तरणा झाला होता. माणूस खाऊन-पिऊन जगतो म्हणणाऱ्यांनी तो पाहायला हवा होता.

मग एका बाजाराला जंगलूनं विचारलं. जंगलू मडावी हा त्यांच्यातला वडीलधारा, शब्दाला वजन असलेला माणूस. म्हणाला, "परधान, गाते तं गाते, पन हा हाय कोनत्या देवाचा?" म्हणजे कुळ कोणतं. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. सहा देवांचे वेगळे, सात देवांचे वेगळे. ज्याचं कुळ माहीत नाही त्याचं गाणं परधान गातच नाही.

पुनाजीनं किंगरी खाली ठेवली. बराच वेळ चित्राकडे पाहिलं. मग म्हणाला, "सात देवाचा. मडावी."

झालं. मशालवाला जंगलूचा भाऊबंद झाला. संध्याकाळी मी पुनाजीला छेडलं, बाबा, नागपूरच्या कागदावरचा माणूस तुम्ही मडाव्यांच्या घरात घुसवलात की. तो काही हसला नाही.

"कागद नागपूरचा हाय बाई. मानूस आमचा हाय."

यांना, म्हणजे आमच्या ह्यांना, सगळ्याचं हसू येई. पण बाजाराच्या दिवशी चहा खपे, म्हणून गप्प असत.

दोन पावसाळे असे गेले. मग एका शुक्रवारी मी अंक उघडला आणि मला वाटलं चुकून दुसराच पेपर आला. नाव तेच, मशाल तीच. माणूस भलताच. गोरापान, गाल फुगलेले, छाती भात्यासारखी, केसांची झुलपं कपाळावर, आणि पायात बूट. गुडघ्यापर्यंतचे बूट! जंगलात आग लागली होती आणि हा बत्तीस दात दाखवून हसत होता. पण ते एक वेळ सोडा. ज्यांना तो वाचवत होता ती जंगलातली माणसं कशी काढली होती? जाड ओठ, डोळे वटारलेले, डोक्यात पिसं खोचलेली, सगळ्यांचं एकच तोंड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिचेखाली बसणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात मी कधी पीस पाहिलेलं नाही.

पुनाजी अंक हातात धरून म्हणाला, "बाई, हा दुसरा पेपर हाय."

"तोच आहे बाबा."

"मंग वाचा बरं."

मी वाचलं. गोष्ट तीच, मागच्या अंकात सोडली तिथूनच पुढे. पुनाजी ऐकत गेला आणि चित्रात शोधत गेला. शेवटी म्हणाला, "गायाले जागाच ठेवली नाई ह्यानं. सारं ओरडूनच सांगून राह्यला."

खरं होतं ते. प्रत्येक चित्रात अक्षरंच अक्षरं, वर धडाम न् धुडूम.

दुसऱ्या दिवशी तो गायला. आधीच्या मशालवाल्याला डोळ्यांपुढे ठेवून गायला असेल, कारण गाणं चांगलंच झालं. माणसं तल्लीन. मग सवयीनं जंगलूनं हात पुढे केला आणि अंक मागितला. पुनाजीनं जरा वेळ लावला, पण दिला. अंक फिरायला लागला तसा चिचेखालचा गलबला कमी कमी होत गेला. जिजानं पान उलटून पाहिलं, मागच्या बाजूला आहे की काय म्हणून.

"हा कोन?" जंगलूनं विचारलं.

"मशालवाला हाय," पुनाजी म्हणाला.

"याचा खांदा कोठी गेला?" एक म्हातारा म्हणाला. "बूट घालून झाडावर कोन चढते?" दुसरा म्हणाला. मग धुरपता बोलली. ती जंगलूची बायको. तिनं त्या पिसंवाल्या माणसांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अन् हे आमी होय काय?"

सगळ्यांनाच वाईट वाटलं असं मात्र नाही. गावातले, शाळेत जाणारे, सिनेमा पाहिलेले, त्यांना नवा मशालवीर फार आवडला. हे तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता कसा मर्द दिसते! पयलेचा तं बिमार वाटे." पेपर जास्तच वाचला जाऊ लागला. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि त्या दिवशी आमच्याकडे दोघांचं बोलणं बंद राहिलं.

पुढच्या बाजाराला निम्मी माणसं आली. पुनाजीनं अंक दाखवलाच नाही. त्यांनी मागितला, यानं दिला नाही, तर त्यांना शंका आली. जंगलू उठून उभा राहिला. रागानं नाही, पण सगळ्यांदेखत म्हणाला, "परधान, हा आमचा मानूस नाई. आमच्या मानसाले तू मडावी म्हनून गायला. मडाव्याचं तोंड असं बदलत नाई. आमचा मेला असन, अन् त्याच्या जागी कोनी दुसराच शिरला. तू आमच्यापासून लपवून राह्यला."

बाहेरच्याला याचं हसू येईल. कागदावरच्या माणसाचं काय मरण न् काय जगणं! पण परधानानं ज्याचं कुळ गायलं तो माणूस त्यांच्यात आला तो आला. त्याचा जीव मध्येच लोंबकळत असेल आणि परधान दुसऱ्याच कोणाला त्याच्या नावानं गात असेल, तर याच्याहून मोठं पाप त्यांच्यात नाही. पुनाजी घरी गेला नाही, ओसरीवरच बसून राहिला. मी भाकरी दिली ती तशीच राहिली.

शेवटी मीच म्हटलं, चला. आमचे हे सामान आणायला ट्रकनं नागपूरला निघाले होते. माझी मावशी इतवारीत राहायची, तेवढं निमित्त मला पुरलं. पुनाजी मागे पोत्यांवर बसला.

पेपरचं ऑफिस एका बोळात होतं. खाली छापखान्याची धडधड, वर एक खोली. एक कारकून पान लावत बसला होता. मी विचारलं, मशालवीराची चित्रं आधी कोण काढायचं?

"रूपराव," तो म्हणाला. "का? ते वारले की मागच्या महिन्यात. छातीचा आजार होता."

 

"पेपरात कुठं आलं नाही ते," मी म्हणाले.

"कशाला यायचं? लोक चित्र पाहतात बाई, काढणाऱ्याला कोण पाहतं? मध्येच गोष्ट थांबवली असती तर गिऱ्हाईक तुटलं असतं." असं म्हणून त्यानं वर तोंड करून पान खाल्लं. मला त्याच्या तोंडावर शाई ओतावीशी वाटली.

पुनाजीनं विचारलं, "कोन्या गावचे होते?"

"काय माहीत. एकटेच असायचे."

"बापाचं नाव?"

कारकून माझ्याकडे पाहून हसला, जसं काही मी ह्याला आवरावं.

तेवढ्यात आतून नवा चित्रकार आला. तिशीतला, बोटांना शाई. आम्ही मशालवीरासाठी कारंज्याहून आलो म्हणताच त्याला असा आनंद झाला की माझा अर्धा राग तिथंच गेला. "कसा वाटतोय आता, बाबा?" त्यानं विचारलं. पुनाजीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाला, "हात साफ हाय तुमचा."

"आधीचं फार उदास होतं हो. मालक म्हणाले, उठावदार काढ, सिनेमातल्यासारखा."

"तुमचा मशालवीर काटा काढतो का कधी?" मी विचारलं.

"काटा?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नाही, आणि मला पुढे सांगता आलं नाही. दगडावर डोकं आपटून कपाळमोक्ष आपलाच.

परत येताना कोंढाळीला ट्रक थांबला. मी मागे चहा घेऊन गेले. पुनाजी म्हणाला, "जंगलू बराबर बोलला, बाई. मानूस मेला हाय."

मी त्याला समजावलं. म्हटलं बाबा, डोकं चालवा. असं गा की मशालवाला एका मोठ्या आगीत सापडला, तोंड जळालं, एका वैद्यानं त्याला नवं तोंड दिलं. सगळे मानतील. गाणं चालू राहील. मला तर तेव्हा आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

पुनाजीनं पेला दोन्ही हातांत धरला होता. "आग त्याले जाळत नाई," तो म्हणाला. "अन् परधान एक खोटं गाईन, तं पयले गायलेलं सारं खोटं होते. मंग मडाव्याचे बापआजे बी खोटे."

"मग काय करणार?"

"मेला म्हनून गायलो, का माह्यं गानं संपलं. मेलेल्याचं पुढं काय गाचं? नाई गायलो, तं तो मधातच लोंबते." मग म्हणाला, "दोघंबी लोंबते. त्या रूपरावाचं तं गावबी मालूम नाई. त्याले याच्या संगंच नेतो."

पेला घेऊन पुढे येऊन बसले. हे म्हणाले, काय झालं रडायला. मी म्हटलं, धूळ गेली.

पुनाजीनं जंगलूला निरोप धाडला. येत्या बाजाराला मशालवाल्याचं मयताचं गाणं होणार. आणि माणसं अशी आली की बाजार एका बाजूला आणि चिचेची गर्दी एका बाजूला. पलीकडच्या खोऱ्यातली आली, ज्यांनी पेपर कधी पाहिलाही नव्हता ती आली. सात देवांचे सगळे पुढे बसले, घरातलं माणूस गेल्यासारखे. तांदूळ आणले, कोंबडं आणलं. मेलेल्याचे कपडे परधानाला द्यायचे, पण कागदातल्या माणसाचे कपडे आणायचे कुठून? त्यांनी मिळून एक नवं धोतर घेतलं, आणि धुरपतानं ते चुलीच्या धुरावर धरलं, मशालवाल्याच्या अंगावरचं वाटावं म्हणून.

पुनाजीनं जुने अंक पुढे मांडले आणि गायला सुरुवात केली. मला गोंडी येत नाही, तरी मी भट्टी विझवून बाहेर येऊन बसले. तो काटा आला त्यात. तो उतरलेला खांदा आला. प्रत्येक डोंगर, प्रत्येक आग, वाचवलेलं प्रत्येक लेकरू. मध्ये एका ठिकाणी रूपरावाचं नाव ऐकलं. बापाच्या नावाच्या जागी पुनाजीनं किंगरी नुसतीच वाजवली आणि पुढे गेला. माणसं रडत होती. जंगलूसारखा माणूस, डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. उन्हं कलली तेव्हा पुनाजीनं मशालवाल्याला मडाव्यांच्या पूर्वजांत नेऊन बसवलं आणि गज खाली ठेवला. एवढं गाणं त्यानं जन्मात गायलं नसेल. एवढी माणसं त्याच्या बापापुढेही बसली नसतील. जंगलूनं पुनाजीच्या हातात धोतर दिलं, त्याच्या पाया पडला, आणि सगळे शांतपणे आपापल्या वाटेला लागले.

पुढच्या बाजाराला पुनाजी चिचेखाली येऊन बसला. किंगरी लावली. माणसं आली, रामराम केला, मीठ-तेल घ्यायला गेली. धुरपता मात्र थांबली. चांगल्या मनानं म्हणाली, "बाबा, तो सुखानं गेला. आता काय आयकाचं राह्यलं?"

त्यानं जुनी कुळांची गाणी गाऊन पाहिली. डेपोवरचे दोघंतिघं तरणे थांबले आणि सिनेमातलं एखादं येते काय म्हणून विचारायला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? पुनाजीनं किंगरी उचलली आणि ओसरीवर येऊन बसला. त्यानंतर मी त्याला ती वाजवताना पाहिलं नाही.

साप्ताहिक येतच होतं. दर शुक्रवारी गावातली मंडळी बाकड्यावर जमून तो बुटांचा मशालवीर पाहत, मोठमोठ्यानं धडाम धुडूम वाचत. तसं झालं की पुनाजी उठून मागच्या अंगणात जाई. मी ह्यांना म्हटलं, बंद करा तो मेला पेपर. हे म्हणाले, एका म्हाताऱ्यापायी धंदा बुडवू काय? भांडून भांडून मीच थकले. एकदा मी पुनाजीला विचारलं, बाबा, जुना एखादा अंक काढू का, वाचून दाखवते. म्हणाला, "नको बाई. त्याले पोचवून आलो मी. मेलेल्याले माघारी बलावू नये."

मला राग यायचा. त्याचा, ह्यांचा, त्या कारकुनाचा, सगळ्या गावाचा. रागावून करणार काय? पुनाजी दिवसेंदिवस बोलेनासा झाला. ते धोतर त्यानं एकदाही नेसलं नाही. पौषातल्या थंडीत दोन दिवस ताप आला आणि तो गेला.

सोनबा नागपूरहून आला. माती झाली. पण पुढचं गाणं व्हायला हवं ना? परधानाच्या नावानं दुसऱ्या परधानानं गायचं. जंगलूनं ट्रकवाल्यांकडे निरोप दिले, माणसं धाडली. गिरडाकडे एक परधान होता, तो गिरणीत लागला होता, म्हणाला विसरलो सारं. आर्वीकडचा मेला होता. दुसरा कोणी मिळाला नाही.

तरी दिवस ठरला. जंगलूच्या अंगणात मंडळी बसली. हे नको नको म्हणत असताना मी गेले. मधोमध पुनाजीची किंगरी ठेवली होती आणि तिच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं. मग जंगलू म्हणाला, "सोनबा, तुले गाता नाई येत तं नुसतं सांग. कोन कोनाचा तेवढं सांग, म्हंजे बापाले वाट सापडन."

सोनबा उभा राहिला. हातातली टोपी पिळत म्हणाला, "पुनाजी सोमाजीचा. सोमाजी लख्माचा."

"लख्मा कोनाचा?"

 

"मले मालूम नाई," सोनबा म्हणाला. "ते बाबालेच मालूम होतं."

जंगलू किंगरीकडे पाहत राहिला, आणि मग अगदी हळू, जणू विचारायची भीती वाटावी तसं त्यानं विचारलं, "अन् आमचे?"